आधी खुन्याचं वेळापत्रक
वाचकांचे प्रश्न : कोकणातली रहस्यकथा

दिवाळी अंकासाठी खुनाची गोष्ट किंवा कादंबरी लिहिणाऱ्यांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. किनाऱ्यावरच्या गावांतून आलेले प्रश्न निवडले, कारण त्यांतल्या बहुतेक अडचणी गावाच्या रचनेशी आणि समुद्राशी जोडलेल्या आहेत.

प्रश्न (गुहागर) : माझा गुप्तहेर म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्याची छत्री, चहाची वेळ, बोलण्याची लकब, सगळं ठरलंय. चाळीस पानं झाली, पण तपास पुढे सरकत नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : मास्तरांना थोडे दिवस बाजूला बसवा आणि खुन्याकडे वळा. अशा कादंबरीत दोन गोष्टी चालू असतात. एक खुनाची. ती वाचकाला दिसण्याआधीच बरीचशी घडून गेलेली असते. दुसरी तपासाची. पहिली नीट रचली नसेल तर दुसरीला शोधायला काही उरत नाही आणि मास्तर नुसते चहा पीत फिरतात. तुमच्या चाळीस पानांत बहुधा हेच झालंय.

कोरी वही घ्या आणि खुन्याचं वेळापत्रक लिहा. खुनाआधीच्या महिन्याचं दिवसवार, शेवटच्या दिवसाचं तासवार आणि खुनाच्या रात्रीचं पंधरा-पंधरा मिनिटांचं. प्रत्येक नोंदीपुढे तीन रकाने आखा : त्याने काय केलं, ते कोणी पाहिलं किंवा ऐकलं, मागे काय उरलं. तिसऱ्या रकान्यात जे येईल तेच तुमचे धागेदोरे. तो रकाना सलग पाच-सहा नोंदींपर्यंत रिकामा राहिला, तर खुनी फार सफाईने वागतोय असं समजा आणि त्याला अडचणीत आणा.

खुन्याच्या हातून तीन चुका होऊ द्या : एक घाईची, एक अज्ञानाची आणि एक स्वभावाची. घाईची चूक पोलिसांना सापडते, ती सापडू द्यावी. अज्ञानाची चूक गावातल्या माणसाच्या लक्षात येते. स्वभावाची चूक मात्र राखून ठेवा, कारण ती फक्त तुमच्या गुप्तहेराला दिसायला हवी. समजा, आंब्याच्या बागेत खून झालाय आणि चोराने केला असा सगळ्यांचा समज आहे. सकाळी बागेचं बेडं, म्हणजे आडव्या बांबूचं फाटक, नीट लावलेलं आहे, आडवा बांबूही खाचेत बसवलेला आहे. पळून जाणारा चोर बेडं लावायला थांबत नाही. ज्याला आयुष्यभर गुरं आत शिरण्याची धास्ती, त्याचाच हात अंधारात, घाबरलेला असतानाही, त्या बांबूकडे जातो. हे कोणाला उमगेल, ते आता ठरवा. त्या माणसाला चौथीत शिकवलेले मास्तर असतील तर तुमची निवड उत्तम आहे, कारण त्यांना त्याचा हा स्वभाव लहानपणापासून ठाऊक असेल. गुप्तहेर निवडायचा तो असा, खुन्याच्या तिसऱ्या चुकीवरून.

संशयित पाच किंवा सहा पुरेत. प्रत्येकाला स्वतःचं एक लहान गुपित द्या आणि त्यासाठी खोटं बोलू द्या. खोटं बोलणारा एकटा खुनीच असेल तर वाचक त्याला तिसऱ्या प्रकरणात धरतो. खुनी पहिल्या पाव भागात बोलता-चालता दिसलाच पाहिजे. ज्या निष्कर्षावर उलगडा उभा आहे, त्याला तीन वेगवेगळे धागे लावा, कारण वाचकाच्या नजरेतून दोन निसटतात. बेड्याचा उल्लेख एकट्या वाक्यात करू नका. पडलेल्या कैऱ्या, आंबे उतरवायचा तुटलेला झेला, भुंकणारं कुत्रं अशा वर्णनात तो मिसळा आणि लगेच पुढच्या ओळीत प्रेत सापडू द्या. वाचक प्रेताकडे धावतो, बेडं मागे राहतं.

प्रश्न (अलिबाग) : खून कुलाबा किल्ल्यात, कोजागरीच्या रात्री होतो. बारा वाजता टिपूर चांदण्यात खुनी ओल्या वाळूवरून चालत किल्ल्यात जातो, असं एक साक्षीदार सांगतो. हे पटेल ना?

उत्तर : बाहेरगावच्या वाचकाला पटेल, किनाऱ्यावरच्याला पटणार नाही. पौर्णिमेच्या मध्यरात्री तिथे वाळू उघडी नसते.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. कृष्णपक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. एका भरतीपासून पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते आणि मधोमध, सव्वासहा तासांनी, पूर्ण ओहोटी. म्हणजे पौर्णिमेला आणि अमावास्येला भर दुपारी नि मध्यरात्रीच्या सुमारास पाणी चढलेलं असतं, तेही उधाणाचं. किल्ल्यात चालत जाता येतं ते ओहोटीला, म्हणजे त्या दिवशी पहाटे किंवा संध्याकाळी साडेपाच-सहाच्या आसपास.

या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. म्हणून कथेत विशिष्ट वर्ष दिलं असेल तर त्या तारखेचं भरती-ओहोटीचं कोष्टकच पाहावं. कोकणात दक्षिणेकडे पाण्याची चढउतार कमी होत जाते, हेही लक्षात असू द्या. अलिबागला जेवढी वाळू उघडी पडते तेवढी मालवणला पडेल असं धरू नये.

आता दोन वाटा आहेत. रात्रीची ओहोटी हवीच असेल तर शुद्ध एकादशी घ्या : भरती सव्वाआठला, पूर्ण ओहोटी अडीचच्या सुमारास, चंद्र पश्चिमेला उतरलेला. खुन्याला त्याच्या आगेमागे तास-सव्वा तास द्या. त्यापेक्षा जास्त वेळ दिलात तर परतताना तो पाण्यात सापडेल. अष्टमी मात्र टाळा. ओहोटी बरोबर मध्यरात्री येते, पण ती भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, असते आणि पाणी पुरेसं मागे हटत नाही.

दुसरी वाट मला जास्त आवडते. कोजागरी तशीच ठेवा, साक्षीदाराचं वाक्यही तसंच ठेवा, आणि ते वाक्य खोटं आहे हाच उलगडा करा. ज्याने किल्ला फक्त दिवसा किंवा फोटोत पाहिलाय, तोच मनाने असं दृश्य रचेल. पोलीस अधिकारी दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेला असेल तर त्यालाही ते खटकणार नाही. गुप्तहेर म्हणून कोळीवाड्यातली एखादी म्हातारी आणा. तिला कोष्टक उघडावं लागत नाही. वाचकाशी मात्र प्रामाणिक राहा : त्याच दिवशी दुपारी बारा वाजता, किल्ल्याकडे जाणाऱ्या घोडागाड्या किनाऱ्यावर नुसत्या उभ्या आहेत आणि गाडीवाले सावलीत पत्ते खेळताहेत, एवढं एक वाक्य आधी कुठेतरी येऊ द्या. दुपारी पाणी होतं म्हणजे रात्री बारालाही होतं, हे गणित ज्याला करायचं त्याने करावं.

प्रश्न (दापोली) : बंद खोलीतला खून. कोकणी कौलारू घर, माजघराशेजारची खोली, दाराला आतून अडसर, खिडकीला लाकडी गज. खुनी बाहेर कसा पडला याचं उत्तर सुचत नाही.

उत्तर : त्याआधीची अडचण सोडवा : तुमची खोली बंदच नाही. कौलारू घर म्हटल्यावर पहिल्याच पानावर वाचकाचं लक्ष वर जाणार. खोलीवर लाकडी तक्तपोशी किंवा माळा असेल आणि त्याला फट नसेल, तरच ती बंद खोली. ते आधी सांगून टाका.

तक्तपोशी नसेल तर छपरालाच कामाला लावा. मंगलोरी कौल रिपेवर, म्हणजे छपराच्या आडव्या लाकडी पट्टीवर, अडकवलेलं असतं आणि वरच्या ओळीचं टोक खालच्या ओळीवर येतं. मधलं एक कौल काढायचं तर वरचं थोडं उचलून खालचं सरकवावं लागतं. दोन रिपांमधलं अंतर सुमारे एक फूट. तेवढ्यातून मोठा माणूस उतरत नाही. पाच-सहा कौलं काढून एक रीप तरी उपटावी लागते. म्हणजे खिळे निघाले, पुन्हा ठोकले, आणि ठोकल्याचा आवाज झाला. हा आवाज कशात बुडाला, ते ठरवा. आषाढातल्या पावसात बुडेल. गणपतीत शेजारच्या घरी भजनाच्या टाळ-मृदंगात त्याहून चांगला बुडेल.

आता कौलं परत बसवल्यावर काय चुकतं ते जवळून पाहा. जुन्या कौलाच्या उघड्या भागावर शेवाळ असतं आणि वरच्या कौलाखाली झाकलेला पट्टा स्वच्छ तांबडा असतो. अंधारात घाईने बसवलेलं कौल बोटभर जरी खाली सरकलं, तरी तो तांबडा पट्टा उघडा पडतो. आतून चुलीच्या धुराची काजळी बसलेली असते. तिच्यावर बोटांचे फराटे उठतात आणि काजळीचे कण खाली अंथरुणावर पडतात. कौल खोबणीत बसलं नाही तर पहिल्या सरीला तिथेच गळतं. घर वैशाखात शाकारलं, हे आधी कोणाच्या तरी तोंडून आलेलं असू द्या. मग श्रावणात एकाच जागी गळती का लागली, हा प्रश्न घरातली बाई विचारेल. तिला उत्तर नको असेल, गळतीखाली ठेवायला पातेलं हवं असेल. गुप्तहेराने ते पातेलं बघावं.

घरावर जुनी नळ्यांची कौलं असतील तर ती नुसती रचलेली असतात. काम सोपं होतं, पण फुटण्याची शक्यता वाढते, त्यामुळे पन्हळीखाली खापराचा एखादा तुकडा हवा.

प्रश्न (वेंगुर्ले) : आमच्या कथेत घराण्याला शाप आहे आणि वडाखाली रात्री उजेड दिसतो. भूत खोटं होतं असं शेवटी कळलं की वाचक निराश होतात. भूत खरं ठेवावं का?

उत्तर : गुप्तहेराची कथा असेल तर नको. वाचक निराश होतो तो स्पष्टीकरण भीतीपेक्षा लहान निघालं म्हणून. 'कोणीतरी कंदील घेऊन घाबरवत होतं' हे लहान स्पष्टीकरण झालं.

आर्थर कॉनन डॉईल यांची १९०१-०२ मध्ये क्रमशः आलेली बास्करव्हिल घराण्याची कादंबरी या दृष्टीने ओळन् ओळ वाचण्यासारखी आहे. घराण्यामागे नरकातला कुत्रा लागलाय अशी दंतकथा. वारसदार लंडनच्या हॉटेलात उतरतो आणि त्याचा एक नवा बूट चोरीला जातो. मग तो परत सापडतो आणि एक जुना बूट नाहीसा होतो. सगळ्यांना ही किरकोळ गंमत वाटते. गुप्तहेर शेरलॉक होम्सला मात्र तिथेच कळतं की कुत्रा हाडामांसाचा आहे. न वापरलेल्या बुटाला माणसाचा वास नसतो, जुन्याला असतो, आणि भुताला वास घेऊन माग काढायची गरज नसते. दंतकथा मोडणारा पुरावा इतका घरगुती आहे आणि तो दंतकथा रंगात येण्याआधीच वाचकाच्या हातात दिलेला आहे.

खलनायक स्टेपलटन कसा रचलाय तेही पाहा. फुलपाखरं पकडणारा, बोलका शेजारी. प्रत्यक्षात तो त्याच घराण्यातला, नाव बदलून राहिलेला, आणि बहीण म्हणून ओळख करून दिलेली बाई त्याची बायको. त्याला झाकण्यासाठी लेखकाने इतर संशयास्पद माणसं पेरली आहेत : माळरानावर लपलेला फरारी कैदी, रात्री खिडकीत मेणबत्ती धरणारा नोकर. दोघांच्या वागण्याला स्वतंत्र कारण आहे, म्हणून ती नुसती फसवणूक वाटत नाही. आणि होम्स मधला बराच काळ समोर नसतो. हुशार गुप्तहेर सतत पानावर राहिला तर भीती टिकत नाही, त्यामुळे ही योजना तुमच्याही कामाची आहे.

तुमच्या वडाखालच्या उजेडाला आता काम द्या. दिवेलागणीनंतर त्या बाजूला कोणी फिरकत नाही, याचा खलनायकाला काय उपयोग? एक सुचवतो. तो जमिनीचे हद्दीचे दगड सरकवतोय. मोजणीची नोटीस आल्यावर उजेड दिसू लागला आणि मोजणी झाली त्या दिवसापासून बंद झाला. शापाच्या गोष्टीत तारखा कोणी विचारत नाही. गुप्तहेराने नोटिशीवरची तारीख आणि पहिल्यांदा उजेड पाहणाऱ्याचा जबाब शेजारी ठेवावेत. गावकऱ्यांच्या श्रद्धेची टिंगल कुठेही करू नका. त्या श्रद्धेचा वापर करून घेणारा माणूस हाच इथे गुन्हेगार आहे.

घरातला माणूस परका म्हणून वावरत असेल तर जुन्या घराचं दार त्याला पकडून देऊ शकतं. माजघराची चौकट बुटकी आणि उंबरठा उंच. पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाचं डोकं आपटतं. हा 'पाहुणा' अंधारात बोलता बोलता वाकून आत येतो.

प्रश्न (चिपळूण) : डॉक्टर प्रेत पाहून 'मृत्यू रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी' असं सांगतात. चालेल?

उत्तर : नाही. प्रेताचा ताठरपणा जबड्यापासून दोन-तीन तासांत सुरू होतो, सुमारे १२ तासांत सर्वांगात भरतो, तितकाच वेळ टिकतो आणि मग उतरतो. उकाड्यात हे सगळं लवकर होतं. डॉक्टर काही तासांचा पल्ला सांगतील, आणि तुमच्या खुन्याला तो पल्लाच हवा असतो. डॉक्टरांकडून दुसरी गोष्ट घ्या. रक्त शरीराच्या खालच्या बाजूला उतरून तिथे डाग पडतात आणि काही तासांनी ते पक्के होतात. पालथ्या सापडलेल्या प्रेताच्या पाठीवर पक्के डाग असतील तर ते नंतर उलटवलंय किंवा हलवलंय.

याच पत्रात काजऱ्याच्या, म्हणजे कुचल्याच्या, विषाबद्दल विचारलंय. ते अतिशय कडू असतं. सोलकढीतून दिलं आणि कळलं नाही, हे कोणी मानणार नाही. शिवाय व्हिसेरा प्रयोगशाळेत गेला की विष उघड होतं. कथेत विष असेल तर 'कोणतं' यापेक्षा 'त्या ताटापर्यंत कोणाचा हात पोचत होता' यावर पानं खर्च करा.

प्रश्न (रत्नागिरी) : कथा १९७५ मध्ये घडते. कोणत्या चुका टाळाव्यात?

उत्तर : सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला, तुमच्या कथेत मालवण, कणकवली रत्नागिरी जिल्ह्यातच. रायगड जिल्ह्याला तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणायचे. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली १९९८ मध्ये, तेव्हा खुन्याला एसटीनेच मुंबईला पाठवा. खुनाचं कलम ३०२. गोष्ट १ जुलै २०२४ नंतरची असेल तर मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ येईल. गावात मृत्यू झाला की खबर बहुधा पोलीस पाटलाकडून ठाण्यात जाते आणि प्रेताचा पंचनामा गावातल्या किमान दोन प्रतिष्ठितांसमोर होतो. तुमच्या गुप्तहेराला प्रेताजवळ न्यायचं असेल तर त्याला पंच करा. खाजगी माणसाला झडतीचा किंवा जबाब घेण्याचा अधिकार नसतो, पण पंचाला समोर उभं राहून पाहता येतं.

प्रश्न (मुरुड) : गोष्ट सांगणाराच खुनी असू शकतो का?

उत्तर : असू शकतो. १९२६ मध्ये इंग्रजीत ही युक्ती गाजली, त्यावर वादही झाले. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांतला पहिलाच असा की गुन्हेगार कथेत लवकर यावा, पण ज्याच्या मनात वाचकाला डोकावू दिलंय तो गुन्हेगार नसावा. नियम मोडायचा तर निवेदकाचं एकही वाक्य खोटं असू नये. त्याने गाळावं, बदलू नये. पहिल्या कथेत मी हा प्रयोग सुचवणार नाही.

प्रश्न (देवगड) : शेवटी गुप्तहेर सगळ्यांना ओटीवर जमवतो, पुतण्या कबुली देतो, फौजदार बेड्या घालतो. काकांच्या कलमांच्या बागेसाठी केलेला खून. हा शेवट जुनाट वाटतो का?

उत्तर : ओटीवरची बैठक जुनी आहे, तरी वाचकाला ती हवी असते. अडचण कबुलीची आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. ताब्यात नसताना गावातल्या माणसापुढे दिलेली चालू शकते, पण न्यायालय तिच्याकडे फार सावधपणे पाहतं. म्हणजे तुमची कादंबरी जिथे संपते तिथून महिन्याभरात पुतण्या 'मी असं बोललोच नाही' म्हणू शकतो. पोलिसांच्या ताब्यात असलेल्या आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूपुरती माहिती मात्र पुराव्यात येते. म्हणून गुप्तहेराचं बोलणं कबुलीकडे न नेता वस्तूकडे न्या.

हेतूही तपासून घ्या. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम २५ प्रमाणे खून करणाऱ्याला मृताची मालमत्ता वारसाने मिळत नाही. बाग हवी असेल तर हा मृत्यू खून ठरता कामा नये, याची पुतण्याला सर्वांत जास्त काळजी असायला हवी. तुमच्या मसुद्यात तो काकांना कोयत्याने मारतो आणि कोयता विहिरीत टाकतो. असा खून करणारा माणूस बागेसाठी खून करत नसतो. एक तर हेतू रागाचा करा, किंवा खून झाडावरून पडल्यासारखा दिसू द्या. दुसरं निवडलंत तर सातबारा पुन्हा काढून बघा. सामाईक खात्यात काकांनंतर आणखी कोणाची नावं आहेत? त्यांच्यापैकी जो वारसनोंदीची घाई करत नाही, तलाठ्याकडे एकदाही फिरकत नाही, त्याच्यावर वाचकाचा संशय जाणार नाही. पुतण्याला संशयित म्हणून राहू द्या आणि खुनी या माणसाला करा. पण तसं केलंत तर त्याचं वेळापत्रक पहिल्यापासून लिहावं लागेल, आणि बागेत तो पहिल्या चार प्रकरणांत एकदा तरी आंबे उतरवायला दिसला पाहिजे.